अपायाची मोजदाद

‘आधी अपाय करू नका’ हे वचन हिपोक्रेटसच्या शपथेतलं, असं सर्रास सांगितलं जातं. शपथेत रुग्णाला अपायापासून जपण्याची प्रतिज्ञा आहे, पण ‘आधी’ हा क्रम तिथे नाही. हिपोक्रेटसच्या नावावरच्या साथरोगांवरील ग्रंथात रुग्णाला मदत करा, निदान अपाय तरी करू नका, असा उपदेश येतो. आज तोंडी असलेलं लॅटिन वचन मात्र 19व्या शतकात रूढ झालं. त्या शतकात या विचाराचं श्रेय ज्यांना दिलं गेलं, त्यांत पॅरिसचे डॉक्टर शोमेल होते.

शोमेल यांच्याच वॉर्डांत, ला शारिते रुग्णालयात, पिएर लुई काम करत होते. रशियात डॉक्टरकी करताना घटसर्पाच्या साथीपुढे हात टेकावे लागल्यावर ते पॅरिसला परतले होते. प्रत्येक रुग्णाची लक्षणं, उपचार आणि शेवट ते टिपून ठेवत. तो रक्तमोक्षणाच्या भराचा काळ होता. 1833 या एका वर्षात फ्रान्सने 4 कोटींहून अधिक जळवा आयात केल्या. जळवा लावणारे क्रूर नव्हते. आपण रुग्णाला वाचवतो आहोत, अशी त्यांची मनोमन खात्री होती. अपाय करू नका हे त्यांना पढवून काय उपयोग झाला असता?

लुईंनी न्यूमोनियाच्या 77 रुग्णांची नोंद तपासली. पहिल्या चार दिवसांत रक्त काढलेले 41 होते, त्यांतले 18 दगावले. उशिरा काढलेल्या 36 पैकी 9. दोन्ही गट सारखे नव्हते आणि आकडे लहान होते. लुईंनी स्वतः रक्त काढणं पुरतं सोडलं नाही. समजलं जातं त्यापेक्षा त्याचा गुण फार कमी, एवढंच ते म्हणाले. तरी 1837 मध्ये पॅरिसच्या वैद्यक अकादमीत रिसुएन्यो दामादोर यांनी या मोजणीवरच हल्ला चढवला. प्रत्येक रुग्ण निराळा, त्याला सरासरीत कसं बसवणार, हा त्यांचा प्रश्न. प्रश्न खोटा नाही. खाटेवरचा माणूस कधीच सरासरी नसतो. पण अनेकांची मोजदाद नाकारली, तर त्या एकाला आपण अपाय करतो आहोत हे डॉक्टरला कळणार कुठून? म्हणून पुराव्यावर आधारलेलं वैद्यक हा मला नीतीचाच भाग वाटतो.

सद्हेतूने होणारा अपाय लुईंच्या काळापुरता नव्हता. हृदयविकाराच्या झटक्यानंतर ठोक्यांची अनियमितता दाबणारी औषधं अमेरिकेत सद्हेतूनेच दिली जात होती. तर्कही सरळ होता. चाचणी झाली तेव्हा, 1991च्या अहवालानुसार, औषध घेणाऱ्या 755 जणांत 63 मृत्यू झाले होते, आणि निष्क्रिय गोळी घेणाऱ्या 743 जणांत 26.

याची दुसरी बाजू मला अधिक अस्वस्थ करते. हात आखडता घेणं म्हणजे निरुपद्रवी राहणं, असा त्या वचनाचा सोयीचा अर्थ लावता येतो. अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीआधी आईला स्टेरॉइड दिलं तर बाळाच्या फुप्फुसांना बळ येतं, हे न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हाउई यांनी 1972 मध्ये दाखवलं. पुढे आणखी चाचण्या झाल्या. पण निष्कर्ष विखुरलेले राहिले आणि बहुसंख्य प्रसूतितज्ज्ञ थांबून राहिले. अमेरिकेत सहमतीची ठाम शिफारस यायला 1994 साल उजाडलं. दरम्यान दगावलेल्या कित्येक बाळांना कुणीही हेतुपुरस्सर अपाय केला नव्हता. औषध हाताशी होतं, पुरावाही होता. तो एकत्र करून वाचण्याचं काम तेवढं राहून गेलं होतं.