शनिवारची मासळी

नेवासे तालुक्यातल्या शनिशिंगणापुरात घराला चौकट असते, कवाड नसते. कुत्री-मांजरं शिरू नयेत म्हणून रात्री एखादी फळी आडवी लावायची, एवढाच बंदोबस्त. गावात चोरी करील तो आंधळा होतो, त्याला शीव ओलांडता येत नाही, ही इथली पिढीजात समजूत. देवही उघड्यावरच आहे. चौथऱ्यावरच्या काळ्या शिळेला छप्पर नाही. ऊन, पाऊस आणि भक्तांचं तेल ती सारखंच झेलते. एका शनिवारी रांगेत माझ्यापुढे एक बाप पोराला दटावत होता, "इथं कशाला हात लावू नको, शनिदेव बघतोय." पोरानं लगेच विचारलं, "आणि घरी?" बापाने त्याला पुढे ढकललं.

त्या पोराच्या प्रश्नाने मला कुराणातल्या एका समुद्रकाठच्या गावाची आठवण झाली. सातव्या सूरेत, अल-आराफमध्ये, ती गोष्ट येते. तिथल्या लोकांना शनिवार पाळायचा होता, त्या दिवशी मासेमारी बंद. आणि मासळी नेमकी शनिवारीच पाण्यावर उसळून येई. इतर दिवशी फिरकत नसे. भाष्यकार सांगतात, काहींनी पळवाट काढली. शुक्रवारी जाळी लावायची, शनिवारी हात लावायचा नाही, रविवारी मासळी घरी न्यायची. नेम पाळल्यासारखाही झाला आणि मोडलाही. शेवटी माकडं होण्याचा शाप त्यांना भोवला. मुजाहिद या आरंभीच्या भाष्यकाराच्या मते देह बदलले नाहीत, मनं बदलली. मला हा अर्थ जास्त भयंकर वाटतो, कारण असा बदल आरशात दिसत नाही.

शिंगणापुरातलं उघडं दार हीसुद्धा डोळ्यांसमोर उसळणारी मासळीच. पळवाटाही आल्याच. युको बँकेने २०११ मध्ये इथे शाखा काढली तेव्हा बिनकुलपाची बँक म्हणून तिचं कौतुक झालं. दार काचेचं, पण त्याला सहज न दिसणारं विद्युत-चुंबकीय कुलूप होतंच. बँकेला मी दोष देत नाही. लोकांचा पैसा सांभाळणाऱ्याने सगळा भार देवावर टाकून कसं चालेल? २०१५ मध्ये गावाला पोलीस ठाणंही मिळालं. आणि २०२५ मध्ये देवस्थानाच्या नावाने बनावट अ‍ॅप चालवून भाविकांचे पैसे लाटल्याच्या आरोपावरून गुन्हा नोंदला गेला. खरं-खोटं न्यायालयात ठरेल. पण उघड्या घरात पाऊल टाकताना ज्याचे पाय लटपटतील, त्याला मोबाइलच्या पडद्यावर कुठली शीव आडवी येणार?

माणसाचं हे कच्चेपण कुराणाला ठाऊक आहे. माणूस दुर्बळ घडवला गेला आहे, असं चौथ्या सूरेत म्हटलं आहे, आणि तेही त्याचं ओझं हलकं करण्याच्या संदर्भात. पस्तिसाव्या सूरेच्या अखेरीचा आशय असा की, ईश्वराने करणीबद्दल माणसांना लगेच धरलं असतं तर पृथ्वीच्या पाठीवर चालतं-फिरतं कुणी उरलं नसतं. पण तो मुदत देतो. शनीच्या कोपालाही मुदत आहे. साडेसाती कितीही कडक असली तरी साडेसात वर्षांनी उतरते. कुठे शिक्षेच्या आधी अवधी, कुठे शिक्षेला शेवट. माणूस चुकणार, हे दोन्हीकडे धरूनच चाललेलं आहे.

माणसं देवाच्या वतीने शिक्षा देऊ लागली की हा अवधी आधी जातो. जून २०२५ मध्ये देवस्थानाने १६७ कर्मचारी कमी केले, त्यांत ११४ मुस्लिम होते. देवस्थानाने कारण दिलं गैरहजेरीचं आणि बेशिस्तीचं. बाहेर आंदोलनाचे इशारे देणाऱ्या संघटनांची मागणी मात्र मुस्लिमांना काढा, अशीच होती. याच जिल्ह्यात, श्रीगोंद्याला, शेख महंमद होऊन गेले. ते मुसलमान, आणि मराठी संतांच्या मांदियाळीत मानाचे. 'योगसंग्राम' या ग्रंथात त्यांनी संग्राम मांडला तो आतल्या विकारांशी. शिक्षेची गोष्ट ऐकणाऱ्याने स्वतःला लावून घ्यायची असते. ती शेजाऱ्याला लावली की तिच्यातली भक्ती संपते आणि नुसता दंडुका उरतो.

मग दुसऱ्याची चूक दिसली तर गप्प बसायचं का? समुद्रकाठच्या त्या गावात तीन तऱ्हेची माणसं होती. एक मासळी पळवणारी. दुसरी त्यांना अडवणारी. आणि तिसरी, ज्यांचा ईश्वरच निकाल लावणार आहे त्यांना कशाला समजावत बसता, असं अडवणाऱ्यांनाच विचारणारी. अडवणाऱ्यांचं उत्तर साधं होतं: ईश्वरापुढे आम्हाला तोंड दाखवता यावं म्हणून, आणि कोण जाणे, ते सुधारतीलही. पुढे अडवणारे वाचले, पळवणारे धरले गेले. तिसऱ्यांचं काय झालं, ते कुराण सांगत नाही. भाष्यकारांचं त्यावर एकमत नाही.

आपण बहुतेक जण त्या तिसऱ्यांतले. चोरी करत नाही, आणि 'शनिदेव बघून घेईल' म्हणत चोराला हटकतही नाही. ही श्रद्धा दिसायला मोठी, पण तिच्या आडोशाला पुष्कळदा अंग चोरणंच असतं. शिक्षा त्याच्याकडे राहू द्यावी, तिथे आपली लुडबुड नको. वेळेवर हटकण्याचं काम मात्र त्याने माणसांवर सोपवलं आहे, आणि हटकताना समोरचा सुधारू शकतो एवढा विश्वासही ठेवायला सांगितला आहे.