'मी खोटे बोलले' : खेळणाऱ्याचा 'मी' आणि कर्तृत्वाचा प्रश्न

१

मराठीत 'खेळ' हा शब्द नाटकालाही लागतो आणि विटीदांडूलाही. रंगमंदिराच्या फलकावर आजचा खेळ कोणता ते लिहिलेले असते, आणि गल्लीत मुलांचा खेळ रंगलेला असतो. पहिल्या खेळात प्रेक्षकाने काही करावयाचे नसते. दुसऱ्यात काही न करणाऱ्याला स्थान नसते. संगणकावरील भूमिकाप्रधान खेळांत, म्हणजे ज्यांना 'रोल-प्लेइंग गेम' म्हणतात त्यांत, हे दोन्ही अर्थ एकत्र येतात. त्यांत कथानक, पात्रे व संवाद असतात. पण खेळणाऱ्याने निर्णय घेतल्याशिवाय कथानक पुढे सरकत नाही. यांपैकी 'डार्क फँटसी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकारात अद्भुताची भयानकाशी व बीभत्साशी सांगड घातलेली असते, आणि घ्यावे लागणारे निर्णय सहसा निर्मळ नसतात. दोन वाइटांतून एक निवडावे लागते, किंवा आपल्या सोयीसाठी दुसऱ्याचा बळी देण्याची मुभा असते.

असा खेळ संपल्यावर अनेक खेळणारे अपराधाची भाषा बोलतात. ज्या व्यक्तीला त्यांनी फसविले ती कधीच अस्तित्वात नव्हती. मग ही टोचणी कशाची? तिला नैतिक भावना म्हणावे, की करुणरसाचाच तो एक अपभ्रष्ट अवतार मानावा? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार खेळणाऱ्यांच्या अभिप्रायांच्या भाषेवरून, आणि १९९९ साली ब्लॅक आयल स्टुडिओजने सिद्ध केलेल्या 'प्लेनस्केप : टॉरमेंट' या खेळाच्या आधारे केला आहे.

२

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली हा पट्टा अशा अभिप्रायांच्या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. २०१० साली ठाण्यात आणि २०१७ साली डोंबिवलीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. या वाचनसंस्कारात वाढलेल्या घरांतील पुढची पिढी रात्री हा खेळ इंग्रजीत खेळते आणि सकाळच्या लोकलमध्ये उभ्या उभ्या त्याची हकिगत मित्रमैत्रिणींना मराठीत सांगते. इंग्रजीत क्रियापदाला कर्त्याच्या लिंगाचे बंधन नसते. मराठीत ते अनेकदा असते. त्यामुळे मूळ खेळात झाकलेली एक गोष्ट मराठी कथनात उघडी पडते.

'टॉरमेंट'चा नायक निनावी असला तरी पुरुष आहे; खेळणाऱ्याला त्यात बदल करता येत नाही. असे असूनही एखादी तरुणी हकिगत सांगताना 'मी मेले' असे म्हणते, 'मी मेलो' असे नव्हे. येथे नटाशी तुलना करून पाहावी. बालगंधर्व 'एकच प्याला'त सिंधूची भूमिका करीत तेव्हा रंगमंचावर त्यांच्या मुखातील 'मी' स्त्रीलिंगी क्रियापद घेई. ते भूमिकेचे लिंग होते, नटाचे नव्हे. प्रेक्षक तर सुधाकराविषयी तृतीय पुरुषातच बोलतो. म्हणजे येथे तीन वेगळ्या भूमिका दिसतात. प्रेक्षकासाठी पात्र हे 'तो' असते. नट पात्राच्या लिंगात 'मी' म्हणतो. आणि खेळणारी व्यक्ती पात्राची कृती सांगताना स्वतःच्या लिंगात 'मी' म्हणते.

यावर एक आक्षेप संभवतो. कबड्डीतही गडी मरतो आणि पुन्हा जिवंत होतो. तेथे 'मी मेले' म्हणणारी मुलगी कोणत्याही पात्राशी एकरूप झालेली नसते. आक्षेप रास्त आहे. 'मरणे' हा नुसत्या खेळाच्या परिभाषेतला शब्द असू शकतो. परंतु त्याच हकिगतीत पुढे 'मी तिच्याशी खोटं बोलले' असे वाक्य येते, तेव्हा हा आक्षेप टिकत नाही. कबड्डीत कोणी प्रेयसीशी खोटे बोलत नाही. खोटे बोलणे ही नैतिक क्रिया आहे, ती कथानकातील पुरुषपात्राच्या मुखातून झालेली आहे, आणि तरीही सांगणारीने क्रियापदावर स्वतःचा ठसा उमटविला आहे. 'तो खोटं बोलला' हा पर्याय भाषेत उपलब्ध होता. तो तिने घेतला नाही.

३

आपल्या रसचर्चेला हा 'मी' परका आहे. भट्टनायकाने मांडलेल्या साधारणीकरणाचा इत्यर्थ असा की, काव्य-नाटकातील भाव हा 'माझा' किंवा 'त्याचा' राहत नाही. व्यक्तिसंबंध गळून पडतात आणि म्हणूनच आस्वाद शक्य होतो. अभिनवगुप्ताने रसप्रतीतीतील विघ्ने सांगितली, त्यांत रसिकाने स्वतःच्या सुखदुःखाने विवश होणे हेही एक विघ्न मानले आहे. १९२१ साली बडोद्याच्या साहित्य संमेलनात न. चिं. केळकरांनी सविकल्प समाधीची कल्पना मांडली. वाचक पात्राच्या अनुभवाशी समरस होतो, तरी आपले निराळेपण विसरत नाही; हे दुहेरीपणच वाङ्मयानंदाचे कारण. केळकरांची कल्पना खेळणाऱ्याच्या स्थितीच्या अधिक जवळ जाते, कारण तीत 'स्व' शिल्लक उरतो. पण तो उरतो तो आस्वादक म्हणून, कर्ता म्हणून नव्हे.

ठाण्याच्या गडकरी रंगायतनात बसून 'एकच प्याला' पाहणाऱ्या प्रेक्षकाला सुधाकराच्या हातून प्याला काढून घ्यावासा वाटेल. त्याला तो काढून घेता येत नाही, आणि येत नाही म्हणूनच त्याची तळमळ शुद्ध राहते. सिंधूच्या मृत्यूचे दुःख त्याला होते. त्या मृत्यूबद्दल त्याला जाब विचारता येत नाही. त्याची असहायता हीच त्याची निर्दोषता असते. भूमिकाप्रधान खेळ नेमकी ही असहायता काढून घेतो. प्याला भरायचा की नाही हे तो पाहणाऱ्यालाच विचारतो. जे अभिनवगुप्ताला रसविघ्न वाटले असते, ते येथे रचनेचे मूलतत्त्व बनते. म्हणून खेळणाऱ्याच्या टोचणीला करुणरस म्हणणे चुकीचे ठरेल. करुणाचा आलंबन दुसरा असतो. या टोचणीचा विषय आपणच असतो.

४

'टॉरमेंट'चे कथानक शवागारात सुरू होते. निनावी नायक तेथे जागा होतो. त्याच्या अंगभर गोंदण व व्रण आहेत, स्मृती मात्र नाही. तो मरत नाही. प्रत्येक मृत्यूनंतर पुन्हा उठतो. हळूहळू कळत जाते की, यापूर्वी त्याच्या देहाने अनेक आयुष्ये जगलेली आहेत आणि त्यांतील काहींत भयंकर अपराध केलेले आहेत. त्याच्या प्रत्येक पुनरुत्थानासाठी कोणा दुसऱ्याचा जीव जातो, आणि ते मेलेले जीव छाया होऊन त्याचा पाठलाग करतात.

शवागारातच त्याला डियोनारा ही प्रेतात्म्याच्या रूपातील स्त्री भेटते. तिने त्याच्या एका पूर्वीच्या अवतारावर प्रेम केले होते. त्या हिशेबी अवताराने त्या प्रेमाचा उपयोग साधनासारखा केला आणि तिला मृत्यूकडे नेले. तिच्याशी काय बोलावे हे खेळणाऱ्याने दिलेल्या वाक्यांतून निवडावयाचे असते. या खेळाच्या संवादरचनेचे एक वैशिष्ट्य असे की, काही ठिकाणी एकच वाक्य दोनदा दिलेले असते. एकावर ते खरे असल्याची खूण असते, दुसऱ्यावर खोटे असल्याची. ऐकणाऱ्या पात्राच्या कानी दोन्ही वेळा तेच शब्द पडतात. फरक उरतो तो केवळ हेतूत.

या योजनेचे महत्त्व पुरेसे लक्षात घेतले पाहिजे. केंडल वॉल्टन यांनी १९७८ साली असे प्रतिपादन केले की, काल्पनिक संकटाने वाटणारी भीती ही खरी भीती नसून भीतिसदृश अवस्था होय. प्रेक्षक जणू लटक्या खेळात सहभागी झालेला असतो. हाच युक्तिवाद पुढे नेऊन कोणी म्हणेल की, खेळणाऱ्याचा अपराधभावही अपराधसदृशच आहे. डियोनारा काल्पनिक, तिचे दुःख काल्पनिक, तिला फसविण्याची कृतीही काल्पनिक. हे सर्व मान्य करूनही एक गोष्ट काल्पनिक ठरत नाही, आणि ती म्हणजे निवड. खेळणाऱ्याने दोन वाक्यांसमोर थांबून विचार केला. तिला दिलासा द्यावा की तिच्याकडून माहिती काढून घ्यावी, हे त्याने कोणत्या तरी कारणासाठी ठरविले. ते कारण त्याच्या स्वतःच्या मनातले होते. कृती काल्पनिक असली तरी तिच्यामागील विचार वास्तव असतो, आणि टोचणी त्या विचाराची असते.

बर्नार्ड विल्यम्स यांनी १९७६ साली 'मॉरल लक'च्या चर्चेत एक उदाहरण घेतले होते. चूक नसताना एका लॉरीखाली मूल सापडते. चालकाला वाटणारी खंत बघ्यांच्या दुःखाहून निराळ्या जातीची असते, कारण घटना त्याच्याकडून घडलेली असते. तेथे हानी खरी आहे व हेतू निर्दोष आहे. खेळात याच्या उलट घडते : हानी मुळीच नाही, हेतू मात्र खरा असू शकतो. विल्यम्स यांची खंत परिणामाला बांधलेली आहे, तर खेळणाऱ्याची टोचणी परिणामापासून संपूर्णपणे सुटलेली आहे. हेतू परिणामापासून इतका निखळ वेगळा होऊन समोर येणे प्रत्यक्ष जीवनात दुर्मीळच. तेथे आपण परिणाम बरा झाला म्हणून हेतूला क्षमा करतो. येथे तशी पळवाट नाही.

५

आता सर्वांत गंभीर आक्षेप. या खेळांत स्थिती साठवून ठेवण्याची सोय असते. निर्णय चुकला असे वाटले की खेळणारा मागची साठवण उघडतो आणि दुसरा पर्याय निवडतो. जी कृती पुसता येते तिची जबाबदारी ती काय?

पण पुसले जाते ते काय, हे पाहिले पाहिजे. कथाविश्व मागे जाते. डियोनाराला फसविले गेल्याचे त्या विश्वात कोणाच्याच स्मरणात उरत नाही. उरते ते फक्त खेळणाऱ्याच्या. पुसलेल्या घटनेचा तो एकमेव साक्षीदार बनतो, आणि एकमेव आरोपीही. येथे खेळणाऱ्याची स्थिती आणि नायकाची स्थिती परस्परांच्या उलट आहेत. नायकाचे अपराध जगाला आठवतात, त्याला आठवत नाहीत. खेळणाऱ्याचे अपराध त्याला आठवतात, जगाला आठवत नाहीत. विस्मृती मिळाली म्हणून नायक मुक्त होत नाही, हा या कथानकाचा गाभाच आहे.

मराठी वाचकाला येथे अश्वत्थामा आठवल्याशिवाय राहणार नाही. सौप्तिक पर्वात त्याने निजलेल्यांची हत्या केली. त्याला मिळालेली शिक्षा मृत्यूची नव्हती, तर मस्तकावरील मणी गमावून दीर्घकाळ भटकत राहण्याची होती. जखमेसाठी तेल मागत फिरणारा अश्वत्थामा आपल्या लोककथांत आजही जिवंत आहे. नंदुरबार जिल्ह्यातील अस्तंबा डोंगरावर दिवाळीच्या सुमारास त्याच्या नावाने यात्रा भरते. ही कल्पना आणि निनावी नायकाची कल्पना यांचा परस्परांशी काही संबंध नसावा. तरी दोहोंत एक समान जाण दिसते. अमरत्व हे वरदान न राहता शिक्षा होते, कारण मरणाने जे खाते बंद झाले असते ते उघडे राहते. धर्मशास्त्रातील प्रायश्चित्ताची कल्पनाही घडलेले न-घडलेले करीत नाही. कर्त्याने ते आपले म्हणून पत्करावे आणि त्यासाठी काही सोसावे, एवढेच ती मागते. साठवण उघडणे हे म्हणूनच प्रायश्चित्त नव्हे. त्यात पत्करणे नाही, केवळ टाळणे आहे.

याउलट, खेळातील एका प्रसंगी अनुभव साठविणाऱ्या एका स्फटिकाद्वारे नायकाला डियोनाराची स्मृती जगता येते. तिचे प्रेम आणि तिची वेदना तो आतून अनुभवतो. आणि त्याच क्षणी आपल्याच पूर्वावताराचे थंड हिशेबही त्याला कळतात. पहिला अर्धा भाग साधारणीकरणाचा आहे, दुसरा नाही. दुसऱ्याचे दुःख 'कोणाचे तरी' म्हणून अनुभवता येते. पण त्या दुःखाचे कारण 'मी' आहे हे कळल्यावर ते साधारण राहत नाही. रसानुभव जेथे संपतो तेथून येथे नैतिक अनुभव सुरू होतो, आणि एकाच प्रसंगात दोन्ही येतात.

६

या विवेचनाला मर्यादा आहेत. प्रत्येक खेळणाऱ्याची प्रत्येक दुष्ट निवड त्याचीच असते असे म्हणता येणार नाही. कोणी कुतूहलापोटी मुद्दाम खलनायकी वाट धरतो. त्याचा 'मी' नटाच्या 'मी'जवळ सरकतो, आणि खलनायक रंगविणारा नट काही दोषी नसतो. शिवाय 'टॉरमेंट'मध्ये नायकाची नैतिक वृत्ती आरंभी तटस्थ असते व कृती-उक्तींनुसार बदलते. चित्रगुप्ताच्या वहीसारखा हिशेब चालू असतो. सद्गुणाचा असा जमाखर्च मांडला की, खेळणारा काही मिळावे म्हणून चांगला वागू शकतो, आणि मग त्याचा चांगुलपणाही लटकाच ठरतो. तेव्हा खेळ स्वतः नीती शिकवितो असा दावा येथे नाही.

दावा एवढाच की, खेळणाऱ्याने आपल्या निवडीविषयी कसे बोलावे यात एक खरा नैतिक प्रश्न दडलेला आहे, आणि त्याची परीक्षा खेळात न होता हकिगतीत होते. 'गेमने करायला लावलं', 'माझ्या हातून झालं' आणि 'मी केलं' ही तीन वाक्ये एकाच घटनेची आहेत. व्याकरणावर फार भार टाकणे बरोबर नाही; 'मी त्याला मारलं' या वाक्यात क्रियापद कर्त्याशी जुळत नाही, ते बोलणाऱ्याच्या पळपुटेपणामुळे नव्हे, तर मराठीच्या घडणीमुळे. पण 'माझ्या हातून' हे शब्द व्याकरण आणून देत नाही. ते बोलणारा निवडतो, आणि ही निवड साठवण उघडून मागे घेता येत नाही, कारण ती ऐकणारा माणूस समोर उभा असतो. डोंबिवलीच्या फलाटावर मैत्रिणीला 'मी तिच्याशी खोटं बोलले' असे सांगणारी तरुणी पुरुषपात्राच्या आड लपत नाही. काल्पनिक कृतीमागचा वास्तव हेतू तिने आपल्या नावावर लावून घेतला आहे. आपल्या आस्वादमीमांसेने रसिकाला 'मी'पासून मुक्त कसे करावे हे फार बारकाईने सांगितले. हा 'मी' परत आल्यावर त्याचे काय करावे, हे तिला अजून सांगावयाचे आहे.