सिमोनचे खिळे

अथेन्सच्या प्राचीन अगोराच्या, म्हणजे जुन्या नगरचौकाच्या, एका कोपऱ्यात काही घरांची जोती उरली आहेत. उंची गुडघ्याएवढीही नाही. समोरच्या टेकडीवर हेफेस्टसचं देऊळ जवळपास अख्खं उभं आहे, मागे ॲक्रोपोलिस आहे, त्यामुळे फोटो सगळे त्यांचेच निघतात. पण या जोत्यांशेजारी एक दगड आहे, चौकाची हद्द इथं आहे असं सांगणारा. त्या हद्दीला खेटून जोडे शिवणाऱ्याचं घर होतं. खोदकामात तिथं जोड्याच्या तळाला ठोकायचे लोखंडी खिळे सापडले, हाडाच्या छोट्या कड्या सापडल्या आणि एका पेल्याचा फुटका तळ सापडला. तळावर मालकाचं नाव कोरलेलं आहे. सिमोन.

सॉक्रेटिस एका सिमोन नावाच्या मोच्याच्या दुकानात येऊन गप्पा मारायचा आणि सिमोन त्या गप्पा आठवून लिहून ठेवायचा, असं डायोजेनिस लार्टियसनं त्यानंतर कित्येक शतकांनी लिहिलंय. तो सिमोन हाच, हे सिद्ध झालेलं नाही. पण काळ जुळतो, धंदा जुळतो, नाव जुळतं. तिथं उभं राहिल्यावर मला खरंच भारी वाटलं. देव, राजे, सेनापती सगळे बाजूला राहिले, आणि हातावर पोट असलेला इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातला एक माणूस त्याच्या खिळ्यांसकट सापडला.

आता गैरसोयीचा भाग. हे खिळे जमिनीखाली होते, आणि जमिनीवर लोक राहत होते.

त्या वस्तीचं नाव व्रिसाकी. ग्रीक भाषेत साधारण 'लहानसा झरा'. अरुंद गल्ल्या, अंगणाची घरं, दुकानं, छोटी चर्चेस. १९३१ साली अमेरिकन स्कूल ऑफ क्लासिकल स्टडीज या संस्थेनं इथं खोदकाम सुरू केलं. मोठा पैसा जॉन डी. रॉकफेलर ज्युनियरचा होता. चौक मोकळा करण्यासाठी सुमारे १२ हेक्टर जागेवरच्या सुमारे ४०० इमारती पाडाव्या लागल्या. हजारो माणसं दुसरीकडे गेली.

हे काम गुंडगिरीनं झालं असं म्हणता येत नाही. रीतसर कायद्यानं जागा घेतल्या, मालकांना मोबदला दिला, पाडण्याआधी घरांचे फोटो काढून ठेवले. मालकांचा विरोध होता, तरी शेवटी सरकारनं परवानगी दिली. पण काळ कोणता होता तेही बघा. १९२२ मध्ये आशिया मायनरमधून दहा लाखांहून जास्त निर्वासित ग्रीसमध्ये आले होते. अथेन्समध्ये डोक्यावर छप्पर असणं हीच चैन होती. अशा शहराच्या मध्यभागातून एक चालतीबोलती वस्ती उचलली गेली. मालकाला घराची किंमत देता येते. शेजाराची किंमत कुणाच्या नावावर जमा करायची?

व्रिसाकीत जोडे शिवणारा कुणी नसेल असं मला वाटत नाही. एवढ्या मोठ्या वस्तीत एखादा तरी असणारच. म्हणजे आपण एका मोच्याचं घर बघावं म्हणून दुसऱ्या मोच्याचं घर गेलं, असा हिशेब मांडता येतो. पहिल्यानं एवढंच केलं होतं की तो चोवीसशे वर्षं आधी मेला होता.

माझ्यासोबत आलेला मित्र, तोही आमच्यासारखा कोड लिहिणारा, म्हणाला, ''अरे, पण यात चूक काय? जुना मोड्यूल वाचायचा असेल तर वरचा कोड बाजूला करावाच लागतो.'' उपमा चांगली आहे, पण ती नेमकी तिथंच तुटते. आपण कोड काढतो तेव्हा तो गिटमध्ये राहतो. वाटलं तर मागे जाता येतं. जमिनीत तसं काही नसतं. पुरातत्त्वज्ञ एक थर वाचतो तो संपवूनच वाचतो. वरचा थर उचलल्याशिवाय खालचा दिसत नाही आणि उचललेला परत ठेवता येत नाही. म्हणून कुठल्या थरावर थांबायचं, हा प्रश्न फक्त तज्ज्ञांवर सोडण्याइतका तांत्रिक नाही.

ॲक्रोपोलिसवर हा निर्णय शंभर वर्षं आधीच झाला होता. पार्थेनॉन आपण 'ग्रीक मंदिर' म्हणून बघतो. इसवी सनापूर्वी ४४७ ते ४३२ मध्ये ते बांधलं गेलं आणि साधारण हजार वर्षं मंदिर राहिलं. त्यानंतर जवळजवळ तेवढाच काळ ते चर्च होतं. मग ऑटोमन आले आणि त्याची मशीद झाली. १६८७ मध्ये व्हेनिसच्या सैन्याचा तोफगोळा आत साठवलेल्या दारूवर पडला आणि इमारत मधोमध फुटली. त्या पडझडीच्या आत तुर्कांनी पुन्हा एक छोटी मशीद बांधली. १८३९ मध्ये पार्थेनॉनचं जे सुरुवातीचं छायाचित्र काढलं गेलं त्यात खांबांच्या मधे ही मशीद होती. थोड्याच वर्षांत ती काढून टाकली.

१८३४ मध्ये अथेन्स नव्या ग्रीसची राजधानी झाली. राजा ओट्टो बव्हेरियाचा, त्याचा वास्तुतज्ज्ञ लिओ फॉन क्लेंझही तिकडचाच. नंतरच्या काळातला सगळा रानटीपणा इथून पुसून टाकायचा, असं क्लेंझनं ॲक्रोपोलिसवरच्या समारंभात जाहीर केलं. गंमत म्हणजे त्याच वर्षी शिंकेल नावाच्या जर्मन वास्तुकारानं याच टेकडीवर राजवाडा बांधायचा आराखडा काढला होता! तो बारगळला, नशीब. पुढे १८७५ मध्ये टेकडीच्या दारातला मध्ययुगीन 'फ्रँकिश' बुरूजही पाडला गेला. पैसे हाइनरिख श्लीमानचे, ट्रॉय खोदणारा तोच.

हे सगळं मोडतोड म्हणून झालं नाही, साफसफाई म्हणून झालं. नव्या देशाला आपण कोण हे जगाला सांगायचं होतं, आणि त्यासाठी पेरिक्लीसचा काळ सोयीचा होता. चारशे वर्षांचा तुर्की काळ गैरसोयीचा होता. आपण 'मूळ रूप' म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा आपल्याला आवडणारं साल म्हणत असतो.

याचा अगोरातला पुरावा तर समोरच आहे, तोही शंभरेक मीटर लांबीचा. ॲटालोसचा स्टोआ. पेर्गामॉनचा राजा दुसरा ॲटालोस यानं इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात अथेन्सला भेट दिलेली दुमजली ओसरी. आज दिसते ती मात्र १९५६ साली पूर्ण झाली. मूळ पायावर, खोदकामात मिळालेल्या पुराव्यांवरून, नव्या संगमरवरात बांधलेली. आत संग्रहालय आहे. म्हणजे 'हे पुरेसं जुनं नाही' म्हणून ज्या जागेवरची घरं गेली, त्याच जागेवर त्या घरांपेक्षाही नवी इमारत उभी आहे. जवळच अकराव्या शतकाच्या सुमाराचं पवित्र प्रेषितांचं चर्च राखलं गेलं, पण त्याला नंतरच्या शतकांत जोडलेले भाग काढून ते 'मूळ' रूपात आणलं. मंदिर हवं, बायझंटाइन चर्च हवं, हेलेनिस्टिक ओसरी नव्यानं बांधूनसुद्धा हवी. एकोणिसाव्या शतकातल्या कुणाचं स्वयंपाकघर नको. ही यादी विज्ञानानं ठरवलेली नाही.

तरीही स्टोआच्या आत गेलो आणि माझा सगळा युक्तिवाद जरा ढिला पडला. तिथं एक उभा दगड आहे, क्लेरोटेरियन. त्यात ओळीनं खाचा कोरल्या आहेत. नागरिकांनी आपापल्या नावाच्या पट्ट्या खाचांत खोचायच्या, बाजूच्या नळीतून काळ्यापांढऱ्या गोट्या सोडायच्या, आणि गोटीच्या रंगावरून त्या त्या ओळीतले लोक न्यायमंडळात घ्यायचे की घरी पाठवायचे ते ठरायचं. दगडाचा रँडम नंबर जनरेटर! लाच कुणाला द्यायची हेच आधी कळू नये म्हणून. शेजारी खापराचे तुकडे आहेत, शहरातून दहा वर्षं हाकलायच्या पुढाऱ्याचं नाव खरवडलेले. लोकशाही हा शब्द आपण पुस्तकात वाचतो, पण ती रोजच्या रोज कशी चालवायचे हे या वस्तूंनी सांगितलं. व्रिसाकी जागेवर असती तर यातलं पुष्कळसं अजून मातीत असतं. साध्या माणसांचा इतिहास हवा असं म्हणणाऱ्यानं हे नाकारू नये.

मग न्याय कसा लावायचा? जॉन रॉल्सनं १९७१ च्या आपल्या पुस्तकात अज्ञानाच्या पडद्याची कल्पना मांडली. समाजाचे नियम ठरवताना आपण त्या समाजात कोण असू हे माहीत नाही असं धरायचं. मी इथं ती काळावर लावून पाहिली. समजा मला माहीतच नाही की मी सिमोन असेन, १९३१ मध्ये व्रिसाकीत राहणारी बाई असेन, की आज तिकीट काढून आलेला पर्यटक असेन. खोदू द्यायचं का?

सिमोनचं काही जात नाही, येतही नाही. मेलेल्या माणसाला मागच्यांच्या बऱ्यावाइटाचं काही वाटतं का, हा प्रश्न याच शहरात शिकलेल्या आणि शिकवलेल्या ॲरिस्टॉटलनं 'निकोमाखियन एथिक्स'मध्ये घेतलाय. त्याचं उत्तर साधारण असं, की पोचलं तरी अगदी थोडं पोचत असेल. पर्यटकाचा फायदा आहे, पण छोटा. दोन तास, काही फोटो, एखादा लेख. आपले पर्यटक मात्र कोट्यवधी, आणि दर वर्षी वाढणारे. त्या बाईचं नुकसान एकटीचं आणि मोठं. बेरीज केली तर खोदकाम जिंकतं. पण पडद्याआड बसलेला माणूस बेरीज करत नाही, सगळ्यात वाईट खुर्ची कोणती ते आधी बघतो. ती बाईची आहे. म्हणून मला वाटतं, खोदणं चूक नव्हतं, पण किंमत कुणी किती द्यायची याची वाटणी चूक होती. जगभराला कायमचा लाभ, आणि त्याचं बिल एका मोहल्ल्याला एकदाच, तेही घराच्या बाजारभावानं.

हे माझ्यासाठी निव्वळ डोकं चालवणं नाही. माझी आत्या कसब्यात शनिवारवाड्याजवळ राहते. २०१० च्या कायद्यातल्या दुरुस्तीप्रमाणे राष्ट्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम बंद आहे, आणि त्यापुढे आणखी २०० मीटर नियंत्रण. दुरुस्तीलाही परवानगी लागते. आत्याच्या वाड्याच्या माडीला दोन टेकू आहेत. पावसाळ्यात तिथं भांडी ठेवतात, आणि पुनर्विकासाचा विषय निघाला की कुणीतरी सुस्कारा टाकतं. शनिवारवाडा जपायला हवा हे आत्यालाही मान्य आहे. ''जपा की,'' ती म्हणते, ''पण आमच्या जिवावर किती दिवस?'' गंमत अशी की तिचा वाडाही जुनाच आहे. फक्त त्यात पेशवा राहत नव्हता.

अथेन्समध्येच याच्या उलट घडलेली एक जागा आहे. ॲक्रोपोलिसच्या उतारावर, प्लाकाच्या वर, अनाफिओतिका. ओट्टोच्या काळात राजवाडा आणि नवी राजधानी बांधायला अनाफी बेटावरून गवंडी आणि कारागीर आले. राजवाडा म्हणजे आजची संसद. दुसऱ्यांची घरं बांधणाऱ्यांना स्वतःचं घर नव्हतं. त्यांनी बांधकामाला मनाई असलेल्या या उतारावर आपल्या बेटावरच्यासारखी पांढरी, बुटकी घरं उठवली. सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत भिंती आणि छप्पर झालं की घर आपलं, अशा समजुतीनं रातोरात, असं सांगतात. अतिक्रमणच ते. आपल्याकडच्या कुठल्याही शहरातल्या माणसाला ही गोष्ट ओळखीची वाटेल.

१९५० मध्ये यातलीही काही घरं पुरातत्त्वासाठी पाडली. १९७० नंतर सरकार घरं विकत घेत गेलं. उरली चाळीस-पंचेचाळीस. आणि आता तीच शहरातली 'बघायलाच हवी' अशी जागा झाली आहे. दीडेकशे वर्षांपूर्वीचं बेकायदा बांधकाम वारसा ठरलं, कारण मधल्या काळात ते पाडायचं राहून गेलं. गल्ली एवढी अरुंद की समोरून कुणी आलं तर भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं. कुंड्या, मांजरी, वाळत घातलेले कपडे. कपडे दिसले की बरं वाटतं. ते कुणीतरी राहतंय याचा पुरावा असतात.

कारण ॲक्रोपोलिसच्या खालच्या बाजूला, कुकाकी वगैरे भागांत, असा पुरावा शोधावा लागतो. तिथं आता घरं पाडायला कुणी येत नाही. घर तसंच राहतं, बाल्कनी तशीच राहते, राहणारे बदलतात, दर तीन दिवसांनी. भाडी इतकी वाढली की सरकारनं १ जानेवारी २०२५ पासून मध्य अथेन्सच्या तीन विभागांत अल्पमुदतीच्या भाड्यासाठी नव्या घरांची नोंदणी थांबवली. जुन्या नोंदण्या चालूच आहेत. संध्याकाळी तिथून चालत परतताना आम्ही दारांशेजारच्या किल्ल्यांच्या पेट्या मोजत होतो, त्या आकड्यांच्या कुलपाच्या, छोट्या, लोखंडी. एका इमारतीच्या दाराशी सात होत्या. बाजूच्या बेलच्या पाटीवर घरमालकांची नावं लिहायच्या पट्ट्या होत्या, आणि त्यातल्या बऱ्याच कोऱ्या होत्या.