टाळ्यांच्या पलीकडे

2008-09 मध्ये ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’मध्ये लातूरचा रोहित राऊत गायचा, तेव्हा आपलंच पोरगं गातंय असं मराठवाड्याला वाटायचं. आता कुठल्याही स्पर्धेत बघा. लेकरू बाहेर पडतं, ओठ थरथरतात, कॅमेरा आणखी जवळ जातो, वर करुण संगीत! या दुःखातून होणारी कमाई कुणाची?

2017 चे बालकामगार नियम सांगतात, अशा बालकलाकाराचं काम दिवसाला पाच तासांपर्यंतच, सलग तीन तासांनी विश्रांती, मिळकतीचा किमान 20 टक्के वाटा त्याच्या नावे मुदतठेवीत, पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस. हा माणूस मला महत्त्वाचा वाटतो. दिवे विझल्यावर लेकराला जेवू घालणारा, ‘आता कॅमेरा पुरे’ म्हणणारा. निर्मात्यासमोर त्याचं चालायला मात्र हवं.