परसातील हिंसा

नवरात्र सरून पाऊस मागे फिरला, मांडवावरची निबर दोडकी वाळून आतले बी खुळखुळू लागले आणि माती वापशावर आली, म्हणजे परसातील कामांचा तगादा सुरू होतो. पावसाळी वेल उपटावयाचे, मांडव उतरवावयाचा, शेणखत मिसळून वाफे बांधावयाचे, धणे रगडून, दुभंगून पेरावयाचे, मेथी-मुळ्याची जागा राखावयाची. या साऱ्यांत हिवाळ्याच्या भाजीची बेगमी आहे खरी, परंतु ज्याला कुदळ हाती घेणाऱ्याने बगल देऊ नये असा एक धर्मप्रश्नही त्यांतच दडलेला आहे.

ढेकूळ फुटते आणि हुमणीची अळी उघडी पडते : पांढरट, मांसल, अर्धवर्तुळात वळलेली, पिंगट डोक्याची. ती मुळे कुरतडते, म्हणून तिला मारणे क्रमप्राप्त. पण त्याच घावाखाली तुटलेले गांडूळ शेजारी वळवळत असते, आणि ज्याने ही माती भुसभुशीत केली त्याचाच प्राण आपण, मनात नसताना, घेतलेला असतो.

शास्त्रकारांनी याकडे डोळेझाक केलेली नाही. लोखंडी मुखाचे लाकूड भूमीला आणि भूमीतील जीवांना मारते, म्हणून सज्जन शेतीची निंदा करतात, असे मनुस्मृतीचा दहावा अध्याय सांगतो. बौद्ध भिक्षूला तर विनयाने जमीन खणण्याची मुभाच ठेवलेली नाही. उलट, सूक्ष्म जीवांचीही चिंता वाहणाऱ्या जैन परंपरेने लोकांना कृषी शिकविण्याचे श्रेय पहिले तीर्थंकर ऋषभदेव यांना दिले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. मनूच्याच तिसऱ्या अध्यायात गृहस्थाच्या घरची पाच वधस्थाने मोजली आहेत : चूल, जाते, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याची घागर, त्यांच्या दोषनिवारणार्थ पंचमहायज्ञ सांगितले आहेत. त्या यादीत कुदळ नाही.

तिला तेथे सहावे स्थान द्यावे, असे माझे मत आहे. कारण जो खणत नाही तोही जेवतोच, आणि त्याचे हात कितीही निर्मळ राहिले तरी त्या हिंसेचे मुखत्यारपत्र त्याने खणणाऱ्याच्या नावे लिहून दिलेले असते. यात व्रतस्थांचा अनादर नाही. मातीत जीव आहे याची जाण आपल्याला त्यांच्याच संयमाने दिली. परंतु अरणचे सावता माळी, ज्यांची समाधी १२९५ सालची मानतात, भाजीच्या मळ्यातच विठ्ठल पाहत राहिले. त्यांच्याही खुरप्याखाली जीव मेलेच असतील, आणि तरीही निर्दोष होण्यासाठी त्यांनी मळा सोडला नाही, यात मला त्यांच्या भक्तीचे थोरपण दिसते.

म्हणून मी कुदळ टाकीत नाही. शक्य तेथे खुरप्याने उथळ उकरतो, गांडूळ दिसले तर सावलीतल्या खताखाली सरकवितो. आणि हुमणी सापडलीच तर रॉकेलच्या पाण्यात माझ्याच हाताने टाकतो, ते काम गड्यावर सोपवीत नाही.