थेट मजकुराकडे

वाशीम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यातील अंध माणसाला आपण अंध असल्याचा सरकारी दाखला हवा असला, तरी त्याची वाट संकेतस्थळावरूनच जाते. १ जून २०२१ पासून दिव्यांगत्वाची प्रमाणपत्रे केंद्राच्या पोर्टलवरून ऑनलाइनच द्यायची, असा नियम आहे. पुढे संजय गांधी निराधार योजना असो की तहसीलचा एखादा दाखला, माहिती पाहायची ती पडद्यावरच. अशा वेळी पानाच्या अगदी वरच्या कोपऱ्यातला, बहुतेकांनी कधी न पाहिलेला ‘मुख्य मजकुराकडे जा’ हा छोटासा दुवा फार कामाचा ठरतो. तो पानावर ‘आहे’ एवढ्यावर आपली यंत्रणा समाधान मानते. तो माणसाला खरोखर पोचवतो का, हे मात्र क्वचितच कोणी पाहते.

डोळा पानावर हवा तिथे उतरतो; कानाला रांगेत उभे राहावे लागते. पडदा वाचून दाखवणारी ‘स्क्रीन रीडर’ ही प्रणाली लावून टॅबची कळ दाबत गेले की अक्षर लहान करा, अक्षर मोठे करा, भाषा, मुख्य पृष्ठ, जिल्ह्याविषयी, निर्देशिका, विभाग, पर्यटन असे एकेक नाव कानावर येते आणि प्रत्येकामागे ‘लिंक’ हा शब्द. ज्याला फक्त अर्जासोबत जोडायच्या कागदपत्रांची यादी हवी आहे, त्याने पर्यटन ऐकून काय करायचे? पोहरादेवीचे तीर्थस्थान तर त्याच्याच तालुक्यात आहे. बरे, ही रांग एकदाच लागत नाही. दुसरे पान उघडले की पुन्हा पहिल्यापासून. म्हणूनच २००८ सालच्या ‘डब्ल्यूसीएजी २.०’ या संकेतस्थळांच्या सुगम्यतेच्या जागतिक निकषांत, पानोपानी तेच ते येणारे भाग ओलांडण्याची सोय ‘ए’ पातळीवर, म्हणजे सर्वांत खालच्या पायरीवर ठेवली आहे. ती नसेल तर पुढचे काही बोलायलाच नको.

आपल्याकडे जिल्ह्यांची संकेतस्थळे बहुतांशी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या (एनआयसी) ‘एसथ्रीवास’ या एकाच साच्यातून निघतात. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांतल्या तीन ‘एस’पैकी एक ‘सुगम्य’चा आहे. साचा चांगला आहे, पण प्रत्येक सरकारी सेवा त्या साच्यात नाही. आणि दुवा बिघडण्याच्या तऱ्हा बऱ्याच. दिसायला नको म्हणून तो अशा रीतीने लपवतात की स्क्रीन रीडरलाही सापडत नाही. कधी दुवा ज्या खुणेकडे नेतो ती खूणच पानाच्या नव्या रचनेत गळालेली असते. कधी पान खाली सरकते, पण कळफलकाचा रोख (फोकस) वरच राहतो. पुढची टॅब दाबली की स्वारी पुन्हा मेनूत. मराठी पानाच्या संहितेत भाषा म्हणून इंग्रजी नोंदलेली असली, तर देवनागरी मजकुराला इंग्रजी आवाज लागू शकतो आणि कानावर काहीबाही पडते. शब्दांचाही घोळ आहेच. ‘मुख्य सामग्री’ म्हटले की मराठी कानाला पूजेचे ताट आठवते. ‘नॅव्हिगेशन वगळा’ ही तर संकेतस्थळ बांधणाऱ्याची भाषा झाली: काय सुटणार ते सांगते, कुठे पोचणार ते सांगत नाही.

या दुव्याच्या आग्रहावर जाणकारांचा एक आक्षेप वजनदार आहे. सरावलेले वापरकर्ते हा दुवा फारसा वापरत नाहीत. एनव्हीडीए या स्क्रीन रीडरमध्ये ‘एच’ दाबून ते मथळ्यावरून मथळ्यावर उड्या मारतात. हे खरेच आहे. पण ती उडी मथळे मथळे म्हणून नोंदलेले असतील तरच जमते. नुसती अक्षरे ठळक केली की डोळ्याला मथळा दिसतो, यंत्राला नाही. शिवाय हा दुवा एकट्या अंधांचा नाही. हातात ताकद नसल्याने माऊस धरता येत नाही, पण दिसते सगळे, अशा माणसाकडे ‘एच’ची युक्तीही नसते. म्हणून रोख येताच दुवा डोळ्यांनाही दिसला पाहिजे.

दुसरा आक्षेप व्यवहारी: मानोऱ्यासारख्या ठिकाणी असे किती जण असणार, आणि आपले सरकार सेवा केंद्रातला मुलगा अर्ज भरून देतोच की! पैकी संख्येचा मुद्दा इथे गैरलागू आहे, कारण दुरुस्ती तालुकावार करायची नसून त्या त्या संकेतस्थळाच्या साच्यात एकदाच करायची आहे. केंद्रातल्या मुलाची मदत मोलाची आहे, पण तिच्यापायी आधार क्रमांक, ओटीपी, बँक खाते हे सगळे दुसऱ्याच्या हवाली होते. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी डिजिटल सेवांपर्यंतची पोच घटनेच्या कलम २१ शी, म्हणजे जगण्याच्या हक्काशी जोडली. त्याआधी, ८ नोव्हेंबर २०२४ च्या राजीव रतुरी प्रकरणात, सुगम्यतेचे काही निकष निव्वळ शिफारशी न राहता सक्तीचे असले पाहिजेत, असेही बजावले. आता हे निकष कागदावर तपासायचे की कानाने, एवढेच उरते.

कानाने तपासायला निविदा काढावी लागत नाही. एनव्हीडीए फुकट मिळते. कार्यालयातल्या कोणत्याही विंडोज संगणकावर ते सुरू करावे, माऊस काढून ठेवावा, पडदा बंद करावा. टॅब, एंटर आणि पुन्हा एकदा टॅब. तिसऱ्या कळेला मजकुरातला पहिला दुवा ऐकू आला तर ठीक. पुन्हा ‘मुख्य पृष्ठ, लिंक’ असे ऐकू आले, तर सुगम्यतेच्या तक्त्यातली त्या रकान्यातली बरोबरची खूण खोडावी.