सहल आणि श्रद्धा

संविधानाच्या २८ व्या अनुच्छेदाने सर्वस्वी सरकारी खजिन्यातून चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देण्यास मनाई केली आहे, आणि ती मला सर्वथा न्याय्य वाटते. परंतु हजेरी घेऊन इस्लामपूरच्या प्राथमिक शाळेतील मुले संभूआप्पांच्या मठात नेली, तर तेथे ती जे पाहतात ते कोणत्या विषयाच्या सदरात घालावे? बुवाफन हे मुसलमान सत्पुरुष गुरू आणि संभूआप्पा हे त्यांचे हिंदू शिष्य, ही हकीकत मुले निःशंकपणे स्वीकारतात. त्यांचे चित्त अधिक गुंतते ते उंबऱ्याबाहेर चपला नीट लावण्यात, आणि शेजारचा हात जोडतो की ओंजळ पसरतो हे तिरप्या नजरेने पाहून घेण्यात. हे धार्मिक शिक्षण नव्हे, असे माझे ठाम मत आहे, कारण येथे कोणी कोणास काही मानावयास लावीत नाही. त्याच सहलीत पुढे बहे येथे कृष्णेच्या पात्रातील रामलिंग बेटावर, समर्थस्थापित अकरा मारुतींपैकी एकासमोर उभे राहून, एखादा मुलगा ‘पुरात देव बुडतो का?’ असे विचारील, तेव्हा गुरुजींनी त्यास गप्प करू नये, की घाईने उत्तरही देऊ नये. पाणी कोठवर चढते ते दाखवावे, आणि डबे सोडण्यापूर्वी आणखी कोणास काही विचारावयाचे आहे का, याची चौकशी करावी.